रंभा म्हशीची सुनावणी

एका गावात एक भोळा गवळी होता, नाव गेनू. सांगितलेलं तो तंतोतंत ऐकायचा. बायकोची, हौसाची, तक्रार नेमकी तीच होती.

गेनू रोज रंभा म्हशीच्या पाठीवर बसून माळावर जायचा. वाटेत सरकारनं आपोआप दंड करणारा कॅमेरा बसवला. कॅमेऱ्यानं पाहिलं, स्वार बसलाय, डोकं उघडं. लगेच घरी कागद : हेल्मेट नाही. दंड भरा, नाहीतर वाहन जप्त.

"अवो, रंभा गेली तर खायाचं काय?" हौसा रडकुंडीला आली. "जावा हापिसात!"

कारकून म्हणाला, "यंत्रानं ठरवलंय, मी काय करू? त्या रस्त्यानं जाताना हेल्मेट घालत जा."

दुसऱ्या दिवशी गेनू त्याच रस्त्यानं मेहुणीच्या लग्नाला पायी निघाला. फेट्यावर हेल्मेट! पुन्हा दंड : वाहनाला मागे नंबर नाही.

"मग मागं नंबर लाव," कारकून मान वर न करता म्हणाला.

गेनूला एकच नंबर पाठ होता, सरपंचांच्या जीपचा. तोच सदऱ्याच्या पाठीवर रंगवून तो मारुतीच्या दर्शनाला गेला. या खेपेला कागद सरपंचांकडे गेला : जीप चालवताना बेल्ट नाही. गेनूला दंड झाला तेव्हा गाव गप्प होतं. सरपंचांना झाला तेव्हा गाव कोर्टात गेलं.

न्यायाधीश कडाडले, "म्हैस न ओळखणारं यंत्र दंड करणार? आधी मुदत द्या, समोरच्याचं म्हणणं ऐका, माणसाला विचार करू द्या, मगच मालाला हात घाला!"

सगळे दंड रद्द झाले. रंभा वाचली. गेनूला रडूच फुटलं. इतकं शहाणं बोलणं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला हौसा गेली असताना एक परका माणूस गोठ्यात रंभेचं दावं सोडू लागला. गेनू "चोर" म्हणणार, तोच त्यानं जीभ चावली.

"पाव्हणं, तुमचं म्हणणं ऐकल्याबिगर चोर कसं म्हणू? बोला."

पाहुणा चपापला, पण बेरकी होता. "असं उभ्या उभ्या? महिन्याची मुदत पायजे."

"दिली."

हौसा परतली. "अवो, रंभा कुठाय?"

"एका पाव्हण्यानं नेली."

"आन् तुमी बघत बसलात?"

"म्हणणं ऐकायच्या आदी त्याच्याकडनं म्हस काढून घ्याया मी काय यंत्र हाय? महिन्यानं सुनावणी हाय. तवर रंभा पान्हा चोरंल, म्हून रेडकू बी संगं दिलंय."