हंसगौरीचा खर्ज

एका राज्यात राजा वज्रसेन सिंहासनासकट पाषाण झाला. शाप धूम्रकेश मांत्रिकाचा, आणि उःशापही त्याचाच: गाऊन तीन कसोट्या जिंकाव्या, हरेल तिचा गळा त्याच्या कुपीत बंद. सात तरुण गायिका मुक्या होऊन परतल्या, तेव्हा साठी उलटलेली हंसगौरी उठली. चाळीस वर्षं तिनं राजाची नाट्यशाळा गाजवली होती. पण वरचा षड्ज आता फाटे, आणि लोक मागून म्हणत, म्हातारीनं आता जपमाळ ओढावी.

"बाई, गळा गेला तर उरेल काय?" तिची मैना म्हणाली.

"तू उरशील की वटवटायला."

"रोज पहाटे तो खालचा खर्ज लावून हंड्यांवरची झाकणं वाजवतेस. झोप म्हणून मिळत नाही. चल, मीही येते."

पाखरू घाबरलं होतं. हंसगौरीही घाबरली होती. गळ्यावाचून तिचं जगात दुसरं काही नव्हतं.

दरबारात धूम्रकेशानं तिच्या ओठांसमोर दिवा धरला. "गा. ज्योत हलता कामा नये."

तिनं पोटातून श्वास सोडला, केसाएवढा बारीक. पद संपलं, ज्योत होती तशीच.

"आता सातव्या दरवाजावर शब्द न् शब्द कळावा. ओरडायचं नाही."

तिनं जबडा सैल सोडला. उभा जन्म ती शेवटच्या रांगेसाठीच गायली होती. थोड्या वेळानं द्वारपाल धावत आला आणि अख्खं पद म्हणून दाखवू लागला, तेही बेसूर.

"आता असा सूर लाव, की पाषाण थरारेल."

इथेच सातीजणी फसल्या. थरार म्हटला की वर चढायचं, ही गाणाऱ्यांची जुनी खोड. हंसगौरीलाही मोह झाला. टाळ्या नेहमी वरच्याच सुराला पडलेल्या. मग तिला घरची झाकणं आठवली.

ती खाली उतरली. जिथं कुणी कधी टाळी दिली नव्हती, तो खर्ज तिनं लावला. फरशी घुमू लागली, मुकुटावरची धूळ झडली, राजानं डोळे उघडले. कुपी तडकली, सातही गळे आपापल्या घरी गेले. मांत्रिकाचा धूर झाला.

"मागा, बाई," राजा म्हणाला.

"त्या सातजणींना माझ्याकडे शिकायला धाडा, महाराज. पहाटे."

"आणि तुमचा वरचा षड्ज?"

"तो गेला. वाईट वाटतं. पण खालचा अजून वाढतोय."

तेव्हापासून त्या राज्यात पहाटे आठ गळे खर्ज लावत, आळीभर झाकणं वाजत, आणि मैना आठीजणींना नावं ठेवी.