कमानीखालचा बंब

हौसाक्काचं कुणी खरं मानलं नाही. विणकर गल्लीच्या तोंडाशी नवी कमान झाली आणि तिची कॉफीची गाडी आत जाईना. "माझी गाडी अडते, तिथं आगीचा बंब काय जाणार?" ती घसा फोडून सांगायची. लोक तिचीच कॉफी पीत हसायचे. शेवटी तिनं गाडी कमानीबाहेर लावली आणि आतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना फुकटचे पेले पायी पोचवू लागली.

मग गल्लीत आग लागली. बंब कमानीबाहेरच अडला आणि आतली शेवंताआजी जळून मेली. चौकशीला साहेब आले, तसा नगरसेवक गरजला, "हिची गाडी आडवी होती, म्हणून बंब अडला! जप्त करा ती!" बंबाचा ड्रायव्हर नोकरीच्या भीतीनं खाली बघत राहिला.

हौसाक्कानं गाडी पार चौकापलीकडे नेऊन लावली. "घ्या, माझी अडचण गेली. आता आणा बंब आत."

बंब आला आणि कमानीला खेटून थांबला.

"मग वाट अडवली कुणी?" साहेबांनी विचारलं.

"मला काय विचारता? मेल्यानं कमानीवर स्वतःचं नाव रंगवून घेतलंय. वाचा की मोठ्यानं!"

साहेबांनी मान वर करून वाचलं, "सौजन्य : नगरसेवक सर्जेराव कांडेकर."