शेवंतीची काळी नखे

पूर्वी हेमवती नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका न्हाव्याच्या घरी जन्माला आला. वाड्यातल्या पाळीव प्राण्यांची नखे काढणे हे त्याचे काम. राजाची नखे मात्र नंदुक नावाचा वयस्क न्हावी काढी.

वीस वर्षे नंदुकाच्या हाताला तोड नव्हती, आणि त्याचा तोरा तर विचारूच नका! पण राणीची पांढरी कुत्री शेवंती त्याला पाहिले की पलंगाखाली शिरे. बोधिसत्त्व आला की तीच मुकाट पंजा पुढे करी. तो तिला उन्हात घेऊन बसे, बराच वेळ नुसता पंजा हातात धरी, आणि नखातली गुलाबी शीर नीट दिसली की शिरेच्या अलीकडचे वाकडे टोक तेवढे नराणीने काढी. दिवसाला दोन-तीनच नखे. घाई त्याला ठाऊकच नव्हती.

एकदा राजा भर दरबारात म्हणाला, "एवढा हलका हात आमच्या नखांच्या नशिबी नाही." सगळे हसले. नंदुकही हसला, पण त्याच्या अंगाची लाही लाही झाली. कुत्रीच्या न्हाव्याने आपल्याला मागे टाकावे! त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. बोधिसत्त्वाचे साधे चालणेही त्याच्या डोळ्यांत खुपू लागले.

वाड्याचा नियम कडक होता. ज्याच्या हातून पाळीव जनावराचे रक्त निघे, त्याची हत्यारांची धोकटी नदीत बुडवीत, आणि त्या न्हाव्याला पुढे कोणी दारात उभे करीत नसे. नंदुकाने हेच मनात धरले. रोज दुपारी तो शेवंतीला तूपभात घालू लागला. चौथ्या दिवशी ती त्याच्या मांडीला टेकून जेवली. पाचव्या दिवशी ती जेवत असताना त्याने डिंकात खललेले काजळ तिच्या अठराही नखांना हलकेच फासले. आता बेट्याला शीर कशी दिसते ते बघू, असे म्हणत तो घरी गेला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी राजा-राणीसमोर बोधिसत्त्वाने पंजा हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि नराणी खाली ठेवली. "महाराज, आज शीर दिसत नाही. दोन दिवसांनी काढीन."

नंदुकाला राहवले नाही. "त्याला जमत नसेल तर मी काढतो, महाराज!" काजळ आपणच फासले आहे, हे तो त्या भरात विसरूनच गेला. त्याने पंजा ओढला आणि नराणी चालवली. शेवंती केकाटली. पांढऱ्या केसांवर रक्त ओघळले.

"याची धोकटी बुडवा," राजा म्हणाला. नंदुकाने धोकटी छातीशी धरली.

बोधिसत्त्वाने तुरटीची पूड नखावर दाबून धरली. रक्त थांबल्यावर तो म्हणाला, "महाराज, आज मी नख काढले असते तर माझ्याही हातून हेच झाले असते. शेवंती माझ्या स्वाधीन आहे. तिचा पंजा मी दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला. बुडवायची तर माझी धोकटी बुडवा."

 राजाने दोघांनाही क्षमा केली.

ओसरीवर नंदुक हात लपवून बसला होता. बोधिसत्त्वाने ते ओढून घेतले. नखांत काजळ अडकले होते.

"तुला कळलं होतं?"

"पंजाला डिंकाचा वास आला, काका. आणि तुमची बोटं समोरच होती."

"मग बोलला का नाहीस?"

"अठरा नखं रंगवलीत तुम्ही, आणि ती एकदाही गुरगुरली नाही. असा हात वाया कशाला घालवायचा?"

एवढे बोलून तो नंदुकाची नखे एकेक करून साफ करू लागला. वीस वर्षांत नंदुकाची नखे दुसऱ्या कोणी काढली नव्हती. तो ओक्साबोक्शी रडला.

विहारात जमलेल्या भिक्खूंना सांगितलेली ही गोष्ट संपवून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, सोबत्याची स्तुती ऐकून आज ज्याने अन्न घेतले नाही, तो भिक्खू तेव्हा नंदुक होता. ज्याची स्तुती झाली, तो शेवंती होता. आणि तो न्हावी मीच होतो. ही पारमी, पूर्णत्वाला नेलेला हा गुण, मैत्रीचा."

मागे बसलेला एक भिक्खू उठला आणि आपले भिक्षापात्र घेऊन सोबत्याशेजारी जाऊन बसला.