वेशीवर नसलेला रकाना

एकदा एक वेशीचा अधिकारी तणतणतच आपल्या वृद्ध आचार्यांकडे आला. परमुलखातून नगरात येणाऱ्यांची नोंद त्याच्या हाताखाली होत असे.

“आचार्य, बाहेरून येतात ते सगळे अडाणी. बंधाऱ्याच्या डागडुजीला एक धड गवंडी मिळत नाही, आणि दारात हमालांची रांग. असल्यांना आत घ्यावंच कशाला?”

आचार्य उठले. त्यांनी भिंतीचा सरळपणा पाहायचा जुना ओळंबा घेतला, या अधिकारी शिष्याला बंधाऱ्यावर नेलं आणि ओळंबा भिंतीवरून खाली सोडून नुसते उभे राहिले. दगड वाहणारे परमुलखी मजूर शेजारून जात होते. हा काय पोरखेळ, असं वाटून शिष्य आणखीच चिडला.

इतक्यात मल्लाप्पा नावाच्या हमालाने डोक्यावरची पाटी उतरवली. ओळंब्याच्या दोरीकडे एक डोळा मिटून पाहत तो म्हणाला, “भिंतीला पोट आलंय. पाणी चढायच्या आत एवढा भाग उतरवा, नाहीतर खालची वस्ती जाईल.”

“तुला रे काय कळतं त्यातलं?” शिष्य खेकसला.

“वीस वर्षं बंधारेच बांधले, सरकार.”

“मग वेशीवर सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की. लिहिणारे म्हणाले, नव्या माणसाला पाच वर्षं ओझ्याचंच काम, दुसरा रकाना नाही. आमच्यातले पट्टीचे कारागीर तिथूनच माघारी फिरले. माझी बायको गरोदर होती. मी कुठं जाणार?”

तो नियम शिष्यानेच केला होता. त्याने आचार्यांकडे पाहिलं. एवढा संताप त्या चेहऱ्यावर त्याने कधी पाहिला नव्हता.

“ज्यांना दुसरं नगर गाठता आलं, त्यांना तुझ्या नियमाने हाकललं,” आचार्य म्हणाले. “जे थांबले, त्यांचं कसब तू पाटीखाली चिरडलंस. आणि वर त्यांनाच अडाणी म्हणतोस? लाज वाटू दे.”

शिष्याने मान खाली घातली. त्याच आठवड्यात मल्लाप्पाच्या देखरेखीखाली भिंतीचा तो भाग उतरवून नव्याने बांधला गेला. नियम खोडला गेला. माघारी गेलेल्या कारागिरांना शिष्याने बोलावणं धाडलं.

महिन्याने उत्तर आलं. ‘नदीच्या खालच्या अंगाच्या नगरात पहिल्याच दिवशी आमच्या हाती गवंड्याची थापी दिली. घाट बांधतो आहोत. आता येणं होणार नाही.’

शिष्याने ते दोनदा वाचलं. मग तो स्वतः वेशीवर गेला, रांगेतल्या पहिल्या बाईसमोर बसला आणि म्हणाला, “बाई, तुम्हाला काय काय येतं, ते सावकाश सांगा.”