साळुंकीचा सूर्य

ओढ्याकाठी दाट जंगल होते. तिथे उंबराच्या ढोलीत एक साळुंकी राहत असे. तोंडाची भारी फटकळ. कुणी एक बोलले की ही चार ऐकवणार. एकदा तिला ओढ्याच्या वाळूत बेलाच्या पानाएवढा अभ्रकाचा तुकडा सापडला. उन्हात तो असा लखलखला की बाईंना वाटले, सूर्याचाच टवका उडून खाली पडला! रोज सकाळी ती तो फांदीवर मांडी आणि म्हणे, "बघून घ्या! एक सूर्य आकाशात, दुसरा माझ्या घरात." ढोलीत नेला की तुकडा काळवंडे. "दमतो बिचारा, झोप लागते त्याला," अशी ती स्वतःची समजूत घाली.

एके दिवशी, ऊन कलत असताना, सशिणीचे पिल्लू खडकाच्या कपारीत घसरून पडले. मुंगूस आत उतरायला तयार होता. पण आत मिट्ट काळोख, आणि वाटेत खोल खड्डा. सशीण रडतच साळुंकीकडे धावली. "ताई, तुमचा सूर्य आणा हो!"

साळुंकी तुकडा चोचीत धरून ऐटीत कपारीत शिरली. आत जाताच तुकडा विझला. तिने तो पुसला, घासला, दगडावर आपटला, पण छे! बाहेर आली तेव्हा झाडावर बसलेल्या कावळ्याची हसून मुरकुंडी वळली होती. साळुंकीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

जवळच बसलेले म्हातारे कासव म्हणाले, "अगं, तो विझला नाही, मुळात पेटलेलाच नव्हता. शुक्राची चांदणी एवढी टपोरी, पण तिलाही स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा उजेड तिच्यावर पडतो, तोच उलटून आपल्याकडे येतो. तू बाहेर उन्हात बैस आणि ऊन आत वळव."

"म्हणजे यात माझे काहीच नाही?"

"वळवणे तुझे," कासव म्हणाले.

साळुंकी खडकावर बसली. तुकडा चोचीत धरून तिने मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली, आणि उन्हाचा कवडसा थेट कपारीत उतरला. मुंगूस त्या उजेडात पावले टाकू लागला. इकडे कावळ्याला चेव आला. "काय गं सूर्यवाली, आता का दातखीळ बसली?" साळुंकीच्या जिभेवर झणझणीत उत्तर आले होते. पण चोच उघडली तर तुकडा पडणार, आणि मुंगूस खड्ड्यात जाणार. तिने ते उत्तर गिळले. मान दुखू लागली, डोळ्यांत पाणी आले, तरी कवडसा हलला नाही. सूर्य डोंगराआड गेला, तेव्हा पिल्लू आईच्या कुशीत होते.

दुसऱ्या दिवशी कावळ्याने पुन्हा डिवचले, "काय, सूर्य तुझाच ना?"

"नाही बाबा, तो वरचाच," साळुंकी ताठ मानेने म्हणाली. "पण मान माझी होती, आणि ती तसूभरही हलली नाही!"

तात्पर्य : उजेड दुसऱ्याचा असला म्हणून कमीपणा नाही, तो आपला म्हणून मिरवण्यापेक्षा अडलेल्याच्या वाटेवर नेमका धरावा, अभिमान त्याचा बाळगावा.