दोन्ही तीरांचा खेळाडू

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा नदीवर पूल नव्हता, आणि दोन तीरांवरची दोन गावे वर्षातून एकदाच समोरासमोर येत, ती चेंडूफळी खेळायला. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने लाकडी फळीने टोलवायचा, असा तो खेळ. जिंकणाऱ्या गावाची गुरे वर्षभर नदीतल्या हिरव्या बेटावर चरत. हरणाऱ्याला दूरचा उघडा डोंगर.

अलीकडच्या गावात रखमाजी नावाचा खेळाडू होता. चेंडू कितीही उंच उडो, तो त्याच्या हातातच येऊन पडे.

एकदा नगरातल्या हिराशेटने हा खेळ पाहिला. त्याला तो मनापासून आवडला. दोन्ही गावांतले चांगले गडी हेरून तो म्हणाला, "माझ्याकडे या. दूधतूप देतो, दुखलंखुपलं तर वैद्य देतो. माझ्या जत्रांत खेळा."

रखमाजी गेला. त्याच्या घरावरचे गवत जाऊन कौले आली. यात वाईट ते काय?

शेटच्या जत्रा नगरोनगरी भरत. एका जत्रेत रखमाजी पिवळे पागोटे बांधी, दुसरीत निळे. पैलतीराचा भैरू कधी त्याच्या बाजूने खेळे, कधी समोरून. पागोटे बदलले की कुणाला हरवायचे तेही बदले.

मग गावांच्या सामन्याचा दिवस आला. शेटने आपल्या गड्यांना बजावले, "खेळा हो, मी अडवत नाही. पण अंग राखून. परवा माझी जत्रा आहे."

सामना चुरशीचा झाला. पैलतीराचा शेवटचा गडी भैरू. त्याने चेंडू उंच टोलवला. झेल घेतला तर बेट आपले, सुटला तर त्यांचे. रखमाजी धावला. चेंडू थोडा लांब होता, अंग झोकून द्यावे लागणार होते. तो मधेच थबकला. खांदा दुखावला तर शेटला काय सांगू? आणि भैरू तर परवा माझ्याच बाजूने खेळणार! मग हा झेल घ्यायचा तरी कुणाविरुद्ध?

तेवढ्यात चेंडू जमिनीवर पडला. बेट गेले.

शेळ्या राखणारी म्हातारी बायजा त्याच्यापाशी आली.

"दमला होतास का रे?"

"नाही, आज्जी."

"मग चेंडू दिसला नाही?"

"दिसला."

"मग?"

बायजा रागावली नाही. नुसती पाहत राहिली, आणि तेच रखमाजीला जड गेले.

शेटच्या जत्रेत तसाच चेंडू आला. या वेळी रखमाजीने अंग झोकून दिले आणि तो झेलला. पण गर्दी गप्पच. दोन्ही तीरांचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

शेट गोंधळला. "अहो, ओरडा की! असा झेल कधी पाहिला होता?"

दूध विकायला आलेली बायजा म्हणाली, "कुणाच्या नावानं ओरडू, शेट? आमचं पागोटं निळं का पिवळं? मागल्या खेपेला हा तिकडं होता."

शेट रखमाजीकडे वळला. "तूच सांग यांना."

"काय सांगू, शेट? माझं मलाच कळेना झालंय."

रखमाजीने पागोटे उतरवून शेटच्या हाती दिले आणि तो घरी आला. गावाने त्याला ओवाळले नाही, हाकललेही नाही. दुसऱ्या सकाळी तो बायजाच्या दारात उभा राहिला आणि तिच्या शेळ्या सोडू लागला.

"आता कुणाचा रे तू?" तिने विचारले.

"ते अजून नीट कळलं नाही, आज्जी. पण तुझ्या शेळ्या माझ्यामुळं डोंगर चढतायत, एवढं कळतंय."

ते वर्षभर त्याने त्या शेळ्या डोंगरावर चारल्या. इकडे हिराशेटच्या जत्रेला खेळाडू एकाहून एक सरस येत राहिले. पाहणारे मात्र हळूहळू येईनासे झाले, आणि ते का, हे शेटला शेवटपर्यंत उमगले नाही.

तात्पर्य : कसब मोल देऊन मिळते, आपलेपणा मोलाने मिळत नाही.