धाकलूचा पट्टा

खूप खूप वर्षांपूर्वी, दाट रानाच्या कडेला एक गाव होतं. धाकलू त्या गावाचा रानराखा. दर माघात तो गावकऱ्यांना घेऊन रान आणि घरं यांच्यामधलं गवत मुळापासून काढायचा आणि वीस पावलं रुंदीचा उघडा पट्टा करायचा. वणवा पेटला तरी तिथवर येऊन थांबावा, यासाठी.

एका वर्षी पाटील म्हणाला, "धाकलू, बारा वर्षांत वणवा गावात आला नाही. मग दरवर्षी आठ दिवस गावाला कशाला राबवतोस?"

"आला नाही तो पट्ट्यामुळेच, पाटील."

लोक हसले. त्या वर्षी एकही माणूस आला नाही.

धाकलू एकटाच विळा घेऊन गेला. पाटलाच्या वाड्यामागे गवत सर्वांत उंच होतं, म्हणून सुरुवात तिथून केली. त्याची स्वतःची झोपडी दुसऱ्या टोकाला होती. महिनाभर राबून निम्मं काम झालं, तोवर चैत्र लागला.

मोहाची फुलं गळू लागली. ती वेचायला सोपं जावं म्हणून पाटलाच्या गड्यांनी झाडाखालचा पाला पेटवला. भर दुपारी वारा सुटला आणि बघता बघता रान पेटलं. माणसं घागरी घेऊन धावली, ओल्या फांद्यांनी आग झोडपत राहिली. पट्टा होता तिथे आग विझली. नव्हता तिथली घरं गेली. धाकलूची झोपडी गेली, आणि आत अंथरुणाला खिळलेली त्याची आईही.

तिसऱ्या दिवशी पंचांनी धाकलूला बोलावलं.

"पाटलाचं घर वाचलं, आमची का जळली?" एकाने विचारलं. "तू पाटलापुरताच पट्टा केलास."

पाला कोणी पेटवला, हे सगळ्यांना माहीत होतं. पाटील जमिनीकडे बघत बसला. धाकलूने त्याच्याकडे एकदा पाहिलं. पाटील काही बोलेल असं त्याला वाटलं होतं.

पंचांनी धाकलूला गावाबाहेर काढलं. गावाने अग्निदेवतेचं देऊळ बांधलं, धोक्याची हाक द्यायला मोठा नगारा आणला. गवत मात्र कोणी कापलं नाही.

तिसऱ्या वर्षी पुन्हा वणवा आला. नगारा वाजला, सगळ्यांनी ऐकला. या वेळी एकही घर राहिलं नाही.

उघड्यावर आलेला पाटील भटकत भटकत डोंगरापलीकडच्या वस्तीत आला. तिथे धाकलू माणसांसोबत गवत काढत होता.

"तू असतास तर गाव वाचलं असतं रे," पाटील म्हणाला.

धाकलूने मान वर केली नाही.

"मी होतो की, पाटील."

तो गवत काढत राहिला. पाटील आल्या वाटेने निघून गेला. जळलेल्या गावात पुन्हा कोणी राहायला गेलं नाही.

तात्पर्य : संकट येऊ न देणाऱ्याचे कष्ट ज्यांना दिसत नाहीत, त्यांना शेवटी संकटच दिसतं.